सात मिनिटं तेरा सेकंद

टोलनाक्यावर पूर्वी गाडीला सरासरी ८ मिनिटं खोळंबावं लागायचं आणि फास्टॅग आल्यापासून ते काम ४७ सेकंदांत उरकतं, असं सरकारी आकडेवारी सांगते. सरकारी आकड्यांवर विश्वास ठेवू नये म्हणणारे लोक आहेत. पण हिशोब मांडून कुणाशी भांडायचं असेल तर सरकारी आकड्याइतका हक्काचा आकडा दुसरा नाही. ८ मिनिटांतून ४७ सेकंद वजा केले की दर नाक्यामागे ७ मिनिटं १३ सेकंद शिल्लक राहतात. एवढ्या वेळात नाशिकमध्ये मिसळ मागवता येते. ती टेबलावर येत नाही, पण मागवता येते. तेव्हा काचेवर एक चिठ्ठी चिकटवून देशाने वेळ कमावला, याबद्दल माझा वाद नाही. वाद पुढचा आहे: तो कमावला कुणी आणि खर्ची पडला कुणाचा? माझं म्हणणं असं की टोल गाडी धावेल त्या प्रमाणात घेतात, पण टोल भरायला आपण लायक आहोत हे पटवून देणारे कागद मात्र सगळ्यांकडून सरसकट सारखेच घेतात. रोज नाका ओलांडणाऱ्याला ते परवडतं. सणासुदीला ओलांडणाऱ्याचा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो. आणि हे सिद्ध करायला नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याइतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही.

पेठ नाशिकहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, गुजरातच्या हद्दीला खेटून. गंमत म्हणजे नाशिकचं आरटीओ कार्यालयच पेठ रोडवर आहे, त्यामुळे या रस्त्याची सुरुवातच कागदपत्रांनी होते. पुढे रामशेजचा किल्ला दिसतो, करंजाळी लागते, सावळघाट, कोटंबीचा घाट आणि मग पेठ. या वाटेवर माणसाचा वेळ जातो, नाही असं नाही. आषाढात धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढचं जग मानण्यावर असतं. घाटातल्या वळणावर एखादा ट्रक फेल होतो, आणि मग दोन्हीकडचे ड्रायव्हर खाली उतरून तो कसा काढावा यावर आपापली मतं देतात. गुरांचा कळप घरी निघालेला असतो आणि त्याला हॉर्नचं काही वाटत नाही. यातलं काहीही काचेवरच्या टॅगने हटत नाही. नाशिकच्या किंवा गुजरातच्या पुढे निघालेल्या पेठकराला नाके लागतात ते असे: पुण्याकडे निघाला तर शिंदे, धुळ्याकडे पिंपळगाव, गुजरातेत उतरून वापी-वलसाडकडे वळला तर बगवाडा, आणि मुंबईकडे घोटी नि पडघा. आता समजा, एक साधा संसारी पेठकर वर्षातून दोनदा मुंबईला जातो, एकदा लग्नाला आणि एकदा दवाखान्याला. नाशिकपुढचेच धरू: जाताना दोन नाके, येताना दोन. वर्षाचे झाले आठ. आठ गुणिले ७ मिनिटं १३ सेकंद म्हणजे ५७ मिनिटं ४४ सेकंद. फास्टॅगकडून त्याला वर्षाकाठी एक तास, त्यातून थोडी चिल्लर वजा, एवढं मिळतं. जमेची बाजू इथे संपली.

आता खर्चाची बाजू. टॅग काढायचा म्हणजे पेट्रोल पंपाशी किंवा नाक्याच्या अलीकडे छत्रीखाली बसलेल्या पोराकडे जायचं. हा पोरगा देशातला सर्वांत आशावादी माणूस. गाडी थांबायच्या आत त्याने मोबाइल पुढे केलेला असतो. “दोन मिनिटांत करून देतो काका, आरसी द्या.” आरसी निघते. पण गावाकडच्या निम्म्या गाड्या नाशिकच्या माणसाने वापरून विकलेल्या. नाव बदललं असलं तरी जुना टॅग अजून जुन्या मालकाच्या मोबाइलवर नांदत असतो. ‘एक वाहन, एक फास्टॅग’ हे धोरण असल्यामुळे तो बंद झाल्याशिवाय नवा उगवत नाही. म्हणून फोन लागतो.

“साहेब, तुमची ती गाडी आम्ही घेतली होती बघा. तुम्हाला एक ओटीपी आला असेल.”

“ओटीपी कुणाला सांगू नका, असं बँकच सांगते.”

“अहो, हे बँकेचंच काम आहे.”

“तसंच सगळे सांगतात.”

फोन बंद. इथे जुन्या मालकाची चूक नाही, नव्याची नाही, पोराचीही नाही. तिघेही शहाण्यासारखे वागले आणि म्हणूनच काम अडलं. रामशेजच्या मावळ्यांनी औरंगजेबाच्या फौजेला काही वर्षं झुंजवत ठेवलं होतं. त्या किल्ल्यावर केवायसी अद्ययावत नसल्याचा एक मेसेज गेला असता तर काय झालं असतं, सांगवत नाही. असो. जाणं-येणं, जुन्या मालकाची मनधरणी, आधारला जोडलेलं सिम कुठल्या फोनमध्ये आहे याचा शोध, आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, चहा घेऊन या’ हा मधला काळ धरून सहा तास गेले असं मानू. पेठहून नाशिक गाठणाऱ्याला सहा तास हा अंदाज लाजाळूच वाटेल. पण सहा तासच धरू. ते भरून काढायला ५० नाके ओलांडावे लागतील. वर्षाला आठ या चालीने सव्वासहा वर्षं लागतात. आणि टॅगची मुदत असते ५ वर्षं.

यावर पहिला आक्षेप तरुणांकडून येतो. टॅग घरबसल्या मागवता येतो, नाशिकला जायचं कारणच काय? अ‍ॅप उघडा, फोटो चढवा, टपालाने येतो. आक्षेप खरा आहे, आणि ‘घरबसल्या’ हे खेड्यात उभं राहूनच होतं हेही खरं आहे. पेठ तालुक्यात असे पाडे आहेत जिथे रेंज घरात येत नाही. ती वरच्या बांधावर, एका विशिष्ट दगडाजवळ असते, आणि त्या दगडावर आधीच कुणीतरी विम्याचा हप्ता भरत बसलेला असतो. मग गाडीचे फोटो. मध्यंतरी वाहनाची ओळख पटवण्यासाठी केवायव्ही नावाची तपासणी आली. माणसाची केवायसी, गाडीची केवायव्ही. समोरून असा फोटो काढा की त्यात काचेवरचा टॅगही दिसेल आणि नंबरप्लेटही. वर बाजूनेही एक काढा. आता टॅग काचेच्या आत वर, प्लेट खाली बंपरला, आणि काचेवर ऊन पडलेलं. टॅग दिसला तर प्लेट पुसट, प्लेट आली तर काचेत आभाळ आणि फोटो काढणाऱ्याचं पोट. अखेर घरातलं सगळ्यात लहान पोर ओट्यावर चढून तो फोटो काढतं आणि त्यात मागची म्हैस स्वच्छ येते. हे अवघड जातंय हे सरकारच्याही ध्यानात आलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बाजूच्या फोटोची अट गेली, आणि १ फेब्रुवारी २०२६ पासून कार, जीप, व्हॅनच्या नव्या टॅगसाठी ही तपासणीच बंद करण्यात आली. म्हणजे माझ्या मुद्द्याला खुद्द महामार्ग प्राधिकरणाचं अनुमोदन आहे. फक्त ज्यांनी ते फोटो आधीच काढले, त्यांच्या दुपारी कुणी परत केल्या नाहीत.

मुदतींचं प्रकरण तर दोन्ही पक्षांना सारखंच शोभणारं. टॅगची केवायसी ३१ जानेवारी २०२४ पर्यंत पूर्ण करा, असं सांगितलं गेलं. मग २९ फेब्रुवारी झाली. मग मार्चअखेर. तारीख पुढे जाणार हे आपल्याला ठाऊक असतं म्हणून आपण शेवटच्या दिवशी जातो, आणि आपण शेवटच्या दिवशीच जाणार हे सरकारला ठाऊक असतं म्हणून तारीख पुढे जाते. या परस्पर विश्वासावर देश उभा आहे. जो बिचारा पहिल्याच आठवड्यात रांगेत उभा राहून काम उरकतो त्याची गावात कीव केली जाते. त्यातच ३१ जानेवारी २०२४ लाच रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर त्या टॅगमध्ये नवे पैसे भरता येणार नाहीत असं ठरलं. झालं, ज्यांनी नुकताच टॅग चिकटवला होता ते नखाने काच खरवडत बसले. फास्टॅग काचेवरून काढून पाहिला असेल त्याला हे कळेल: तो अखंड निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी निघतो, आणि खालचा डिंक गाडीच्या पुढच्या मालकापर्यंत टिकतो.

टॅग मिळाला, लागला, आता वापर. इथे मात्र दोष यंत्राचा कमी आणि आपला जास्त, हे कबूल करायला हवं. टॅगमध्ये पैसे अगोदर भरून ठेवायचे असतात. खर्च होण्याआधी पैसे देणं हे आपल्या रक्तात नाही. खर्च झाल्यावरही ते नाइलाजाने द्यायचे असतात. त्यामुळे आपण हजाराच्या जागी शंभर टाकतो. ‘पुढचं पुढे बघू’ हे आपलं रिचार्जचं धोरण. आणि पुढचं जे दिसतं तो आडवा दांडा असतो.

“काका, ब्लॅकलिस्ट दाखवतंय.”

“ब्लॅकलिस्ट? आम्ही काय दरोडा घातला?”

“बॅलन्स नाही काका. रिचार्ज मारा.”

मागच्या सीटवरून आवाज येतो, “सकाळीच म्हटलं होतं, पैसे टाका.” ज्या माणसाचं नाव आयुष्यात कुठल्याही यादीत आलं नाही, ना गुणवत्ता यादीत ना घरकुलाच्या, त्याला थेट काळ्या यादीत बघून कुटुंबाला धक्का बसतो. मग भर लेनमध्ये रिचार्ज. पैसे खात्यातून जातात, टॅगमध्ये पोचत नाहीत, मागे हॉर्न वाजतात. हा तमाशा बंद व्हावा म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी एक नियम आला: नाक्यावर टॅग वाचला जाण्याआधी ६० मिनिटांहून जास्त वेळ तो ब्लॅकलिस्टमध्ये असेल आणि नंतर १० मिनिटांतही सुधारला नाही, तर व्यवहार नाकारला जाईल. नाकारला म्हणजे तेव्हा दुप्पट टोल. घोटीच्या तासभर अलीकडे पेठकर कुठे असतो? साधारण नाशिकच्या गर्दीत. म्हणजे आपल्या टॅगची तब्येत त्याने पंचवटीतच तपासून घ्यायची. यावर ओरड झाली तेव्हा प्राधिकरणाने खुलासा केला की प्रवाशाला याचा काही त्रास होणार नाही, राष्ट्रीय महामार्गावर नाक्याआधी केव्हाही रिचार्ज चालतो. नियम आहे आणि त्रास नाही. वाचून फार बरं वाटलं, कळलं मात्र नाही.

दुसरी आपली खोड म्हणजे टॅग काचेवर न लावणं. टॅग काचेला चिकटवायचा असतो हे पाकिटावर चित्र काढून सांगितलेलं आहे. तरी तो डॅशबोर्डच्या कप्प्यात देवाच्या फोटोमागे, आरसीच्या प्लॅस्टिकमध्ये आणि कधीकधी घरी कपाटात सापडतो. कारण विचारा. “नवीन काच खराब होते.” किंवा खासगीत, “बोलेरोलाही तोच चालतो आणि पिकअपलाही.” दोन्ही गाड्यांचे टोलचे दर वेगळे असतात हे सांगायला गेलं तर समोरचा मिशीत हसतो, त्याला ते आधीच माहीत असतं, म्हणून तर. मग नाक्यावर ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून टॅग वरच्या यंत्राला ओवाळतो. यंत्र प्रसन्न होत नाही. “मागे घ्या. थोडं पुढे. आता मागे. काचेच्या आतून धरा.” शेवटी एक माणूस हातातलं मशीन घेऊन येतो आणि टॅगला टेकवतो. ४७ सेकंदांची सरासरी हा गृहस्थ एकटा मोडतो आणि वर सुनावतो की यांचं मशीन भंगार आहे. जुलै २०२४ मध्ये काचेवर नसलेल्या टॅगला दुप्पट टोल लावा असं फर्मान निघालं. वर्षभराने असे सुटे टॅग थेट ब्लॅकलिस्ट करायचं ठरलं. सरकारला एवढ्या खालच्या पातळीवर उतरून चिकटवण्याची सक्ती करावी लागली, यावरून डिंकापेक्षा आपण किती चिवट आहोत ते दिसतं.

आता दुसरा आक्षेप, आणि हा खरोखर वजनदार आहे. तुम्ही पेठकराचा एकट्याचा हिशोब काय मांडता? नाक्यावर वाचणारा वेळ फक्त टॅगवाल्याचा नसतो, मागच्या सगळ्या रांगेचा असतो. एक गाडी नोटा मोजत बसली की मागच्या वीस गाड्या थांबतात. बरोबर. दिंडोरीची द्राक्षं आणि पिंपळगावचे टोमॅटो घेऊन मुंबईला जाणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं तर तो हा सगळा लेख एका शिवीत निकालात काढेल, आणि त्याचं चूक नसेल. सुट्ट्यांची कटकट गेली हेही खरं. पाच रुपयांऐवजी हातावर दोन चॉकलेटं ठेवण्याची पद्धत गेली, आणि मधुमेही ड्रायव्हर सुखी झाले. पण या आक्षेपाचा अर्थ नीट बघा. पेठकर जो टॅग काढतो तो स्वतःसाठी नाही, मागच्या मुंबईकरासाठी. मुंबईकराची सात मिनिटं वाचावीत म्हणून याने एक दिवस घालवायचा. एवढं परोपकारी कृत्य घडत असताना त्याला निदान आभाराचा एक मेसेज यायला हरकत नव्हती. त्याला मेसेज येतो तो केवायसी अपूर्ण असल्याचा. उलट १५ नोव्हेंबर २०२५ पासून नियमच आला की टॅग नसेल तर रोखीत दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट. शंभर रुपयांच्या टोलला यूपीआयने पंचवीस जादा. आठ नाक्यांचे दोनशे रुपये. सहा तास विरुद्ध वर्षाला दोनशे रुपये, हा सौदा पेठच्या बाजारात कुणालाही विचारा, तो दोनशे काढून देईल आणि वर म्हणेल, “जा भाऊ, डोकं खाऊ नको.” पण टॅग न काढणं आपल्याला जमत नाही. शेजाऱ्याच्या काचेवर आहे ना.

रांगेच्या बाबतीत नागरिकाला देणारा एक नियम मात्र होऊन गेला, त्याची आठवण ठेवली पाहिजे. मे २०२१ मध्ये असं ठरलं होतं की प्रत्येक गाडीचं काम १० सेकंदांत व्हावं, रांग १०० मीटरच्या आत राहावी. ती पुढे गेली तर आत येईपर्यंत गाड्या टोल न घेता सोडाव्यात. त्यासाठी १०० मीटरवर पिवळी रेघ. या रेघेने मोटारीतल्या माणसाला प्रथमच रांग वाढावी असं वाटायला लावलं. आपल्यापुढे किती गाड्या आहेत यापेक्षा आपल्यामागे किती आल्या याची लोक आशेने चौकशी करू लागले. “अजून चार येऊ द्या, मग फुकट.” ऑगस्ट २०२४ मध्ये ही तरतूद मागे घेतली गेली. नागरिकाला काही देणाऱ्या तरतुदींचं आयुष्य तसं बेताचंच असतं.

तिसरा आक्षेप अर्थातच पासचा. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार, जीप, व्हॅनला ३००० रुपयांत वार्षिक पास मिळू लागला: २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. सुरुवातीच्या या दराने फेरी पंधरा रुपयांत पडायची. स्वस्ताई म्हणजे आणखी काय? पण आमच्या पेठकराला आठ फेऱ्यांसाठी हाच पास ३७५ रुपये दराने पडायचा, आणि समृद्धी किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर तो चालतच नाही, कारण ते राज्याचे रस्ते. तरी तो पास घेतो, कारण पंधरा रुपये हा आकडा कानाला गोड लागतो. मग वर्षअखेरीला १९२ फेऱ्या शिल्लक राहिल्याचं दुःख सुरू होतं. भरल्या ताटावरून उठल्यासारखं वाटतं त्याला. पाहुण्यांना तो स्वतःहून विचारतो, “शिर्डीला यायचं का? सप्तशृंगीला? टोलची काळजी नाही, पास आहे.” सप्तशृंगीच्या वाटेवर पास वापरायला नाका कुठे आहे, हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. डिझेलचे दोन हजार घालून पंधरा रुपयांची फेरी वसूल करणारा माणूस मूर्ख नसतो. ‘पैसे वाया गेले’ हे तीन शब्द ज्या घरात रोज ऐकू येतात तिथे तो वाढलेला असतो, एवढंच.

वसुलीचा खरा राजमार्ग वेगळाच होता, आणि तो थोडे दिवस खुद्द सरकारनेच उघडला होता. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत योजना होती की राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यावर अस्वच्छ स्वच्छतागृह दिसलं तर ‘राजमार्गयात्रा’ अ‍ॅपवर फोटो टाका आणि फास्टॅगमध्ये १००० रुपये मिळवा. प्रत्येक गाडीला एकदाच, आणि एका स्वच्छतागृहाचा दिवसाला एकच विजेता. पहिल्यांदाच नाक मुठीत धरण्याला दर मिळाला. आमच्या हिशोबात हजार रुपये म्हणजे सव्वापटीच्या जादा भाराची पाच वर्षं. टॅगची पूर्ण मुदत एका फोटोत वसूल! मात्र यासाठी नाक्यावर आपल्याआधी दुसरं कुणी पोचलेलं नसावं, आणि आपल्याकडे लोक अशा कामाला फार पहाटे उठतात.

राहिला भीतीचा भाग. गाडी घरी गोठ्याशेजारी उभी असताना कुठल्यातरी नाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज आलेला माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. बहुधा तो ओळखीच्याच्या ओळखीचा असतो. २०२५ च्या सुरुवातीला सांगण्यात आलं की महिन्याला सुमारे ३० कोटी व्यवहार होतात आणि त्यात खऱ्या ठरलेल्या चुकीच्या कपातीच्या तक्रारी ५० च्या आसपास. चूक करणाऱ्या नाकाचालकाला लाखाचा दंडही होतो. आकडा मला मान्य आहे. मात्र महामार्गाच्या मदतीच्या १०३३ क्रमांकावर फोन लावून, भाषा निवडून, गाडीचा क्रमांक सांगून, पंचाहत्तर रुपयांसाठी पाठपुरावा करत जो शेवटपर्यंत टिकला तोच या पन्नासांत पोचला असणार. बाकीच्यांनी ‘जाऊ दे’ म्हटलं असावं, आणि ‘जाऊ दे’ची नोंद ठेवणारं खातं सरकारात नाही. याउलट जे घडूच शकत नाही त्याची भीती मात्र झपाट्याने पसरते. २०२२ मध्ये एक व्हिडिओ फिरला: काच पुसणारा मुलगा हातातलं घड्याळ टॅगवर फिरवतो आणि पैसे पळवतो. असं होत नाही, टॅगमधले पैसे ठरलेल्या नोंदणीकृत ठिकाणीच जाऊ शकतात, असं फास्टॅगचे व्यवहार सांभाळणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तेव्हाच स्पष्ट केलं. स्पष्टीकरण कुणी पुढे पाठवलं नाही. सिग्नलवर काच पुसायला पोरगं आलं की त्याच्या मनगटाकडे बघणारे काका मात्र अजून आहेत. त्या पोराच्या मनगटावर लाल दोरा असतो.

नाक्यावरच्या पाटीचा उल्लेख केल्याशिवाय टोलचा विषय पुरा होत नाही. टोलमधून कुणाकुणाला सूट आहे याची ती यादी: राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, अशी ती खाली उतरत जाते. जुन्या ८ मिनिटांत ती पाठ व्हायची; स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांचा राज्यव्यवस्थेचा अर्धा अभ्यास तिथेच व्हायचा. ४७ सेकंदांत राज्यपालांच्या पुढे जाता येत नाही. पेठचं संस्थान १८७८ मध्ये थेट इंग्रजी अमलाखाली गेलं, ते टिकलं असतं तर पाटीवर एखादी ओळ आपली असती अशी हळहळ कुणाला वाटली तर वाटो. सामान्य माणसाला त्या यादीत शिरायची एक सोय आजही आहे: शववाहिकेला टोल माफ आहे. त्यासाठी केवायसी लागत नाही, मात्र डॉक्टरांचा दाखला लागतो.

आता म्हणे नाकेच जाणार. सुरतेजवळच्या चोर्यासी नाक्यासाठी २०२५ मध्ये करार झाला: दांडा नाही, थांबणं नाही, गाडी वेगात जाईल, वरचं यंत्र टॅग वाचेल आणि कॅमेरे नंबरप्लेट वाचतील. पेठच्या माणसाला सुरत-वापी परकी नाही, तेव्हा याची झळ आपल्याला लवकरच लागणार. हिशोब पुढे चालवू. उरलेले ४७ सेकंदही वाचले तर वर्षाला ६ मिनिटं १६ सेकंदांची भर पडते आणि आमच्या पेठकराची वार्षिक कमाई १ तास ४ मिनिटांवर जाते. त्या बदल्यात नंबरप्लेट कॅमेऱ्याला वाचता यायला हवी. सावळघाट भर पावसात उतरून आलेल्या जीपची प्लेट मालकालाही अंदाजानेच वाचावी लागते, कारण तिच्यावर करंजाळीपासूनचा चिखल तारीखवार साचलेला असतो. शिवाय प्लेट हवी ती नव्या उच्च सुरक्षेची. ती बसवायला आधी नोंदणी, मग तारीख, मग गाडी घेऊन केंद्रावर जाणं आलं. जुन्या गाड्यांसाठी तिची मुदत २०२५ च्या एका वर्षात इतक्या वेळा पुढे गेली की पेठेत कुणाला विचारलं तर तो शांतपणे म्हणतो, “बसवू की. अजून एकदा वाढली की मग जाऊ.”